सल्ल्याचे दाम, भरवशाची पुंजी

भिवंडी-मालेगावात पॉवरलूमवर उमर घातलेले कित्येक मास्तर नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार होऊ पाहतात. गिऱ्हाईक आणायचे कुठून, हा त्यांचा पहिला सवाल. माझा अनुभव सांगतो.

एक मास्तर माझ्या पेढीवर आले. स्वतःची तारीफ केली नाही. ग्रे कापडावर पिकग्लास ठेवून मोजून दाखवले: सौदा इंचाला 60 पिकचा, भरले 56. खोट फुकट दाखवली. लूमवर जाऊन ती दूर करण्याचा मेहनताना मात्र आधीच कागदावर ठरवून घेतला. काम चोख झाले. मीच त्यांचे नाव चार कारखानदारांना सुचवले.

पुढे कळले, ज्या सूतवाल्याची ते शिफारस करत, त्याच्याकडून गुपचूप दलालीही घेत. चारही दारे बंद झाली. बंधूंनो, मेहनताना एकाच हाताकडून घ्यावा. दलाली असेल तर आधी सांगावी.