वणव्यानंतर रानात काय घडते?



फाल्गुन-चैत्रात रात्रीच्या एस. टी.ने घाटातून जाताना दूरच्या डोंगरावर तांबूस ज्वाळांची माळ हळूहळू सरकताना तुम्ही पाहिली आहे काय? ती माळ म्हणजे वणवा. सकाळी पाहावे तर सारा उतार काळाठिक्कर! 'गेले, सारे रान गेले!' असे म्हणून आपण हळहळतो. पण खरोखरच सारे जाते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची मोठी संधी शास्त्रज्ञांना १९८८ साली अमेरिकेत मिळाली.

यलोस्टोनची आग

यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १८७२ साली झाली. तेथील जंगलात सुमारे ८० टक्के झाडे लॉजपोल पाइन या एकाच सूचिपर्णी जातीची आहेत. १९८८चा उन्हाळा तेथे विलक्षण कोरडा गेला. काही आगी विजेमुळे लागल्या, काही माणसाच्या हलगर्जीपणामुळे. वारा सुटला आणि २० ऑगस्टला एका दिवसात दीड लाख एकरांहून अधिक क्षेत्रात आग पसरली. हजारो माणसे झटत होती. पण आगीचा जोर मोडला तो ११ सप्टेंबरच्या पावसाने आणि बर्फाने! तोवर उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आगीच्या तडाख्यात सापडला होता. उद्यान कायमचे उजाड झाले, असे अनेकांना वाटले.

राळेचे कुलूप

लॉजपोल पाइनची साल पातळ असते. मोठ्या आगीत हे झाड वाचत नाही. मग त्याचा वंश टिकतो कसा? खरी मौज येथेच आहे. या जातीच्या बऱ्याच झाडांवरील शंकू पिकल्यावरही उघडत नाहीत. त्यांचे खवले राळेने घट्ट चिकटलेले असतात. आतले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. सुमारे ४५ ते ६० अंश सेल्सियस तापमानाला ही राळ वितळते. आग शेंड्यांवरून झपाट्याने पुढे जाते. त्या थोड्या वेळात कठीण खवले बियांचे रक्षण करतात. मग शंकू उघडतो आणि पंख असलेल्या बिया राखेवर पडतात.

त्या राखेत झाडांना लागणारी खनिजे असतात आणि वर सावली धरणारे झाड उरलेले नसते. लॉजपोलच्या रोपाला भरपूर ऊनच हवे असते. म्हणून काही ठिकाणी एका हेक्टरात लाखाहून जास्त रोपे उगवली!

जमिनीखाली काय झाले? माती उष्णतेची मंदवाहक आहे. बहुतेक ठिकाणी आगीची तीव्र झळ इंचभर खोलीपलीकडे गेली नाही. त्यामुळे गवताची मुळे व भूमिगत खोडे वाचली आणि पुढच्याच वसंतात हिरवे कोंब वर आले. जळक्या खोडांत भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढल्या. त्या टिपायला सुतार पक्षी आले. एल्क जातीची सुमारे साडेतीनशे हरणे आगीत मेली खरी, पण त्या परिसरात त्यांची संख्या हजारोंनी होती.

मग आग चांगली की वाईट?

घाईने उत्तर देऊ नका! आगीइतकेच महत्त्व दोन आगींमधील काळाला आहे. यलोस्टोनमध्ये एकाच ठिकाणी मोठी आग पूर्वी साधारणपणे शंभर ते तीनशे वर्षांनी येत असे. तेवढ्या काळात शंकूंचा भरपूर साठा होई. पण २०१६ साली, १९८८ नंतर उगवलेले अवघे २८ वर्षांचे रान पुन्हा पेटले. कोवळ्या झाडांवर साठा थोडा होता आणि आगीने खोडे व शंकूही जाळून टाकले. अशा दुबार जळलेल्या जागांची पाहणी झाली तेव्हा नव्या रोपांची संख्या पहिल्या आगीनंतरच्या मानाने सुमारे एक षष्ठांश भरली. हवामान तापत आहे, तसे हे अंतर आणखी कमी होण्याचा धोका आहे.

आता आपल्या डोंगराकडे वळू. पळस, साग यांची साल जाड असते आणि वरचा भाग जळाला तरी बुंध्यातून त्यांना पुन्हा धुमारे फुटतात. पण आपल्याकडील वणवे बहुतेक माणसानेच लावलेले असतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे, तेंदूला नवी पाने यावीत, गवत चांगले वाढावे म्हणून, किंवा विडीच्या थोटकाने. तोच उतार दरवर्षी जळाला तर झाडाला बिया देण्याइतके मोठे व्हायला सवडच मिळत नाही. पालापाचोळा जळून उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. म्हणूनच वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून आग अडवण्याची खटपट करते.

तुम्ही हे करून पाहा

तुमच्या गावाजवळ वणव्याने जळलेला उतार असेल, तर पावसाळ्यानंतर शिक्षकांबरोबर तेथे जा. दोरीने एक मीटर लांबी-रुंदीचा चौरस आखा. त्यात बियांपासून उगवलेली रोपे किती आणि जुन्या बुंध्यांचे धुमारे किती, ते मोजा. शेजारच्या न जळलेल्या उतारावरही तसेच मोजा. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी जा. त्या डोंगराला सावरायला सवड मिळाली की नाही, हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल.