देवाच्या जवळ – भाग ७ : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

मागच्या भागात आपण सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये, कार्मेली मठाच्या स्वयंपाकघरात होतो. भांडीकुंडी सांभाळता सांभाळता देवाशी बोलणारा ब्रदर लॉरेन्स मला फार आवडतो. पण खरं सांगायचं तर त्याचा थोडा हेवाही वाटतो. त्याच्या डोक्यात प्रश्नच कमी असावेत. ज्याची बुद्धी सारखी 'कशावरून?' विचारते, त्याने काय करायचं? आधी वाद मिटवून मग प्रार्थनेला बसायचं की काय? म्हणून आज पंडिता रमाबाईंकडे येऊ. देवाशी इतकी नेटाने हुज्जत घालणारी भक्त मला मराठीत दुसरी दिसत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. वय पंचवीस, नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, सोबत दोन वर्षांची मनोरमा. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देणारा माणूस सहसा इथे थांबतो. अंधार होता, प्रकाश झाला, बाप्तिस्मा घेतला, आमेन. रमाबाईंनी मात्र १९०७ साली आपली साक्ष लिहिली तेव्हा अडचणीत टाकणारी गोष्ट कबूल केली. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला पुढे आणखी काही वर्षं गेली, अशा अर्थाचं त्या लिहितात. ती वर्षं साधारण आठ भरतात.

हे समजायचं तर त्यांचं लहानपण डोळ्यांसमोर आणावं लागतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सारं कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला चालत जाई, देवळात पुराण वाची, येईल त्या दक्षिणेवर गुजराण करी. वाचलेलं ऐकणाऱ्याला कळो न कळो, पुण्य लागतंच, या समजुतीवर ती पोथी चाले. पुढे दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उपास, व्रतं, स्नानं, दानं सगळं करून झालं होतं. शब्द तोंडपाठ असले म्हणून देव जवळ असतोच असं नाही, हे या मुलीला फार लवकर कळलं.

इंग्लंडमध्ये तिला पहिला धक्का बसला तो प्रवचनाने नव्हे. लंडनच्या फुलहॅम भागात सेंट मेरी संघाच्या भगिनी 'वाईट वाटेला लागलेल्या' म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळत. त्यांच्याशी बोलताना कुणाच्या आवाजात तुच्छता नव्हती. हे कुठून येतं, असं विचारल्यावर तिला योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आपल्या शास्त्रांनी बाईबद्दल काय म्हटलंय ते रमाबाईंना पाठ होतं. ही गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली.

आणि तरी वाद सुटले नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत असतानाची त्यांची पत्रं वाचावीत. ती १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आली. त्र्यैक्य म्हणजे काय? बिशपांचं म्हणणं मी का मानू, ते शास्त्रात कुठे आहे? अंड्याचं पुडिंग खाल्लं नाही तर माझा ख्रिस्तीपणा उणा कसा? क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत? वाँटेजच्या याच संघातल्या, त्यांना धर्माचे धडे देणाऱ्या सिस्टर जेराल्डीनना हा सरळसरळ अहंकार वाटे. मौज अशी, की हे भांडण ज्या पत्रांतून चाले, त्यांतून रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत.

मग १८९१च्या सुमारास, मुंबईत सुरू केलेली विधवा मुलींसाठीची शाळा, शारदासदन, पुण्याला आणल्यानंतर, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं चर्च चालवत होता. १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये उपदेश करता करता त्याला उमगलं, की आपण जे सांगतोय ते आपल्यालाच कधी घडलेलं नाही. आणि तिथेच, उपदेशपीठावर, त्याचं मन पालटलं. खाली बसलेल्यांतला एक जण ओरडला, पाळकच पालटला! स्वतःच्या प्रवचनाने तारलेला पाळक! रमाबाईंना हसू आलं की नाही माहीत नाही. पण हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

त्यांना तेव्हा काय गवसलं ते साध्या शब्दांत एवढंच: तारण हे मिळवायचं नसून घ्यायचं असतं, आणि पात्र होईपर्यंत थांबायचं नसतं. मला वाटतं, तीर्थांवर वाढलेल्या या बाईने पुण्य साठवण्याची सवय नकळत नव्या धर्मातही आणली होती. व्रतांच्या जागी बाप्तिस्मा आणि उपासना आल्या, हिशेबाची वही तीच राहिली. ती वही मिटली तेव्हा जवळीक सुरू झाली. आपल्यापैकी कितीजण रोज शास्त्रपाठ करून, प्रार्थनासभा न चुकवून, देव लांब का वाटतो म्हणून हळहळतात! 'आत्मिक वाढ' हा आमच्या मंडळीतला लाडका शब्द. पण वार्षिक अहवालातल्या वाढीसारखीच ती मोजायची सवय आम्हाला जडली आहे.

उपदेशक ही गोष्ट सांगताना आधीची आठ वर्षं वाया गेली असं सुचवतात: डोकं चालवलं म्हणून उशीर झाला. मला ते पटत नाही. ज्याचं आपल्याला काही पडलेलं नाही, त्याच्याशी माणूस इतकी वर्षं भांडत नाही. मला तर साक्षीपेक्षा ती चिडकी पत्रंच जास्त भक्तिमय वाटतात.

जवळीक वाढली तशी किंमतही मोजावी लागली. शारदासदनात रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. १८९३ साली त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून केडगावला घेऊन आल्या. दुष्काळात आई-बाप गमावलेल्या बाईला त्या चेहऱ्यांत काय दिसलं असेल, हे सांगायला नको. १९०५ साली केडगावच्या त्यांच्या 'मुक्ती' आश्रमात पहाटेच्या प्रार्थनांतून जी जागृती झाली तिच्यासाठी वेगळा भाग लागेल.

'कशावरून?' विचारणं मात्र थांबलं नाही. मूळ शास्त्रात काय लिहिलंय ते स्वतः पाहावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मराठीत आणायला बसल्या. भाषा निवडली ती पंडितांची नव्हे. ज्या मुलीने कालपरवा अक्षरओळख करून घेतली तिला कुणी पुराणिक मध्ये न घेता अर्थ लागला पाहिजे, हा हिशेब. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या त्याही अशाच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ साली.