जुना लँडलाइन फोन इंटरनेटवर कसा बोलतो?

तांब्याच्या तारा जाऊन घरोघरी फायबर येतंय, आणि हॉलमधल्या जुन्या फोनचं काय करायचं हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना हमखास पडतो. टाकून देऊ नका. तोच फोन इंटरनेटवरून बोलू शकतो, आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. मधे फक्त एक छोटी डबी लागते. तिला म्हणतात एटीए, म्हणजे ॲनालॉग टेलिफोन ॲडॉप्टर. फायबरसोबत मिळणाऱ्या अनेक मोडेममध्ये ती आतच बसवलेली असते. मोडेमच्या मागे फोनची पिन बसेल असं छोटं सॉकेट दिसलं, तर ती तीच.

ही डबी करते काय? थोडक्यात सांगायचं तर फोनला फसवते. फोनला वाटत राहतं की आपण अजून एक्स्चेंजलाच जोडलेलो आहोत. एक्स्चेंज फोनसाठी बरीच कामं करायचं. तारेवर साधारण ४८ व्होल्टचा डीसी दाब ठेवायचा, रिसीव्हर उचलला की वाहू लागणारा प्रवाह ओळखायचा, डायल टोन ऐकवायचा, घंटी वाजवायला साधारण ७५ व्होल्टचा एसी पाठवायचा. आता हे सगळं ती डबी करते. तुम्ही ऐकता तो डायल टोनसुद्धा तिच्यातच तयार होतो. ५ चं बटण दाबलं की फोन ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजवतो, त्यावरून डबी आकडा ओळखते. आजोबांचा गोल चकतीचा फोन मात्र सूर काढत नाही, प्रवाह तोडून आकडा सांगतो. ही भाषा सगळ्या डब्यांना कळत नाही. मग त्या फोनवर कॉल घेता येतो, लावता येत नाही!

आता आवाजाकडे येऊ. डबी तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिते. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. ही पद्धत १९७२ पासून प्रमाणित आहे, नवीन काहीच नाही. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरून रवाना होतो, सेकंदाला ५० पाकिटं. पाकिटावरचे पत्ते वगैरे धरून एका कॉलला ८०-९० किलोबिट पुरतात. त्यामुळे फोनवर आवाज तुटतो म्हणून महागडा, जास्त स्पीडचा प्लॅन घेणं बऱ्याचदा व्यर्थ असतं.

खरी अडचण असते पाकिटं अनियमित पोचण्याची. एखाद्या पुस्तकाची पानं सुटी करून वेगवेगळ्या एसटीने पाठवली आणि पलीकडे कुणीतरी ती मोठ्याने वाचतंय, असं समजा. मागची गाडी पुढे, पुढची घाटात अडकलेली. वाचणारा हुशार असेल तर तो दोन-चार पानं हातात जमू देतो आणि मगच सुरुवात करतो. डबीही तेच करते. त्या साठ्याला जिटर बफर म्हणतात. साठा मोठा केला तर आवाज तुटत नाही, पण उशीर वाढतो. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा खटकत नाही. त्यापुढे दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. आणि हरवलेलं पाकीट पुन्हा मागवून उपयोग नसतो, ते वरातीमागून घोडं. डबी आधीचाच आवाज किंचित ताणून ती फट बुजवते.

एक काम मात्र डबीला जमत नाही, आणि घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल तर तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तांब्याच्या तारेतून आवाजासोबत वीजही यायची, एक्स्चेंजच्या बॅटरीतून. म्हणून घरात मिट्ट काळोख असला तरी फोन चालू. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड येतो, वीज नाही. लाईट गेली की मोडेम बंद, आणि मोडेम बंद म्हणजे फोन मुका. नेमका तेव्हाच आजीला डॉक्टरांना फोन करायचा असू शकतो.

उपाय साधा आहे: मोडेमसाठी मिळणारा छोटा यूपीएस. घेताना मोडेमच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा, पिनही जुळायला हवी. डबी वेगळी असेल तर तिलाही बॅकअप द्या. शिवाय डबीची वायर भिंतीतल्या जुन्या फोनच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. बाहेरची तार अजून जिवंत असेल तर डबी जळू शकते. फोन थेट डबीलाच जोडा.

यूपीएस बसवल्यावर घरचा मेन स्विच बंद करून एक फोन लावून बघा. लागला तरी तेवढ्यावर थांबू नका. काही इमारतींत ऑपरेटरची पेटी जिन्यात असते आणि सोसायटीच्या विजेवर चालते. अख्ख्या इमारतीची लाईट जाईल तेव्हा पुन्हा लावून बघा. त्या वेळी लागला नाही, तर ऑपरेटरला त्या पेटीच्या बॅटरीबद्दल विचारा, आणि तोवर आजीच्या उशाशी चार्ज केलेला मोबाइल असू द्या.