गृहस्थाची चार सुखे

सुख बाहेर शोधू नये, ते अंतःकरणातच असते, हे वाक्य आपण सर्वांनी कोणत्या ना कोणत्या व्यासपीठावरून ऐकले आहे. ते असत्य नाही. मात्र ते कोण कोणाला सांगतो, यावर त्याचा अर्थ बदलतो. पोटभर जेवलेल्या माणसाने ते स्वतःला सांगितले, तर तो संयम ठरतो. त्यानेच ते उपाशी माणसाला सांगितले, तर ती चतुराई ठरते. आपल्या समाजाला पिढ्यानपिढ्या संतोषाचे धडे देण्यात आले, आणि ते देणाऱ्यांची कोठारे मात्र भरलेली होती. म्हणून निवासी शाळेत शिकलेल्या आणि शिकणाऱ्या मुलांपुढे हा विषय मांडताना थोडे सावध असावे लागते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. तथागत आपल्या गावी आल्याचे त्याला कळले. पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून, भुकेने व्याकूळ होऊन तो उशिरा सभेत पोहोचला. सारा समुदाय उपदेशाची वाट पाहत बसला होता. तथागतांनी आधी विचारले, भिक्खुसंघाच्या भोजनातले काही उरले आहे काय? उरलेले अन्न त्या शेतकऱ्याला वाढण्यात आले, त्याचे जेवण झाले, आणि मग उपदेशास आरंभ झाला. भुकेल्या माणसाला धम्म कळणार नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले. मन हे सर्वांच्या अग्रभागी आहे असे शिकवणाऱ्या शास्त्याने मनापूर्वी ताटाची चौकशी केली, हे विसरून चालणार नाही.

मग सुख आतले की बाहेरचे? अंगुत्तर निकायातील एका सुत्तात श्रावस्तीचा श्रेष्ठी अनाथपिंडिक याला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. अत्थिसुख म्हणजे कष्टाने, घाम गाळून, न्यायमार्गाने मिळवलेले आपल्याजवळ आहे, याचे सुख. भोगसुख म्हणजे ते स्वतः उपभोगण्याचे आणि त्यातून पुण्यकर्म करण्याचे सुख. अनणसुख म्हणजे कोणाचेही लहानमोठे ऋण नसण्याचे सुख. आणि अनवज्जसुख म्हणजे काया, वाचा व मनाने आपल्या हातून निंद्य असे काही घडत नाही, याचे सुख. पहिली तीन या चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नव्हेत, असा निर्वाळा शेवटी दिला आहे. तरीही ती तीन यादीतून वगळलेली नाहीत, हे लक्षात घ्यावे.

पहिल्या सुखाविषयी आपल्या मांडव्याच्या परिसराला फार सांगायला नको. गेटवेहून लाँचने तासाभरात येणारी मुंबई आता २०२० पासून रो-रो बोटीत मोटारीसकट येते. जमिनीचे भाव चढले, शेतांच्या जागी बंगले उभे राहिले. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना एकदम पैसा दिसला. काहींनी तो मुलांच्या शिक्षणात घातला, काहींचा काही वर्षांतच सरला. अमेरिकेत १९७८ साली सोडतीत मोठे बक्षीस लागलेल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे विजेते इतरांहून फारसे सुखी आढळले नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला दिसला. मिळालेल्याची सवय होते आणि मन नव्या हव्यासाकडे वळते. यालाच आपण तण्हा म्हणतो. पण सुत्तातले अत्थिसुख नुसते धन असण्याचे नाही, ते स्वकष्टाने व न्यायाने मिळवल्याचे आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी घरातला पहिला पगार आईच्या हातावर ठेवला असेल, त्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसऱ्या सुखाची गोष्ट आपल्याच अलिबाग तालुक्यात घडली आहे, आणि ती शाळेच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती असे मला नेहमी वाटते. खारेपाटातील भातशेती खोतांच्या मालकीची आणि कसणारी कुळे कर्जात बुडालेली. पिकाचा मोठा वाटा खंडात जाई, वर वेठ आणि व्याज. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ठरवले की खोतांची जमीन कसायची नाही. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे चालला. जमिनी ओस पडल्या. डोंगरातून लाकूडफाटा आणून विकावा आणि दिवस ढकलावा, अशी गत झाली. डिसेंबर १९३४ मध्ये चरी येथे भरलेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. परंतु १९३९ च्या कायद्याने कुळाला कूळ म्हणून मान्यता मिळाली, आणि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये आला.

ती सहा वर्षे चरीचे लोक सुखात होते, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. बाहेरून त्यांना टिकवून ठेवणारे जवळजवळ काहीच नव्हते. टिकवले ते एकमेकांच्या सोबतीने आणि आपण अन्यायाचे करीत नाही या खात्रीने. म्हणजे चौथ्या सुखाच्या बळावर त्यांनी तिसरे मिळवले. दुःखाचे कारण बाहेर असेल तर ते बाहेरच दूर करावे लागते आणि ते दूर करण्याचे धैर्य आतून आणावे लागते. १९२७ च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्यावर जमलेल्या हजारोंना कोणी ‘तृष्णा अंतर्यामी शमवा’ असे सांगितले असते, तर तो धम्म नव्हे, धम्माची थट्टा झाली असती. त्यांचा लढा पाण्यापुरता नव्हता, हे खरे. माणूस म्हणून मिळणाऱ्या मानासाठी होता.

जाता जाता माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आज खोत नाही, पण मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज मिळते. लग्न, गाडी, फोन यांचे हप्ते पगाराआधीच पगार खाऊन टाकतात. अनणसुख हे जुने पुराण समजू नका.

आता उरला प्रश्न चौथ्या सुखाचा. ते कसे वाढवायचे? पालीमध्ये भावना या शब्दाचा अर्थच मुळी वाढवणे, जोपासणे असा आहे. ध्यानसाधनेला तोच शब्द आहे. खारेपाटातील शेतकऱ्याला हे लवकर उमगेल. समुद्राच्या कडेला भात घ्यायचे तर आधी बांध घालावा लागतो. उधाणाच्या वेळी बांधाला खांड पडली की खारे पाणी शिरते, आणि मग पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघेपर्यंत चांगले पीक येत नाही. सम्यक व्यायामाची चार अंगे हेच काम सांगतात: न शिरलेले अकुशल शिरू न देणे, शिरलेले काढून टाकणे, न उगवलेले कुशल पेरणे, उगवलेले राखणे. पंचशील हा बांध आहे. तो नसताना नुसते डोळे मिटून बसणे म्हणजे फुटक्या बांधाआड पेरणी करणे होय.

बांधाआड पेरायचे काय, तेही परंपरेने नेमके सांगितले आहे. सकाळी काही वेळ श्वासाकडे लक्ष, म्हणजे आनापान. राग येताना तो येत आहे हे कळावे, एवढ्यासाठी. मग मैत्रीभावना. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात तिचा क्रम दिला आहे: आरंभ स्वतःपासून, मग आदरणीय व्यक्ती, जिवलग मित्र, ज्याच्याशी काही देणेघेणे नाही असा माणूस, आणि सर्वांत शेवटी वैरी. पहिल्याच दिवशी वैऱ्यापासून सुरुवात करून हताश होणारे साधक मी पाहिले आहेत. दान हाही याच मशागतीचा भाग. तळा तालुक्यातील कुडा लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. दात्यांत एक माळी आहे, फुलांवर पोट असलेला. आपल्या शेजारच्या चौलचे, म्हणजे तेव्हाच्या चेमुलचे दाते कान्हेरीच्या लेखांत आढळतात. धनिकांबरोबर एका माळ्यालाही भोगसुखाचा तो दुसरा अर्धा भाग घेता आला.

या सर्वांत अवघड आहे ती मुदिता, दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे. करुणा त्या मानाने सोपी. पडलेल्याला हात देताना आपण उभे असतो. शेजारच्या खाटेवरचा मित्र मात्र आपल्यापुढे गेला की छातीत काहीतरी रुतते. वसतिगृहासारखी मुदितेच्या सरावाची जागा दुसरी नाही, कारण तिथे दुसऱ्याचे यश भिंतीपलीकडे नसते, त्याच खोलीत असते. दहावीच्या निकालाच्या दिवशी पालकांनी फोनवर आपल्या मुलाचे गुण विचारून झाल्यावर त्याच्या खोलीतल्या इतर मुलांचेही विचारावेत, तुलना न करता. मुलाने ती नावे कोणत्या आवाजात सांगितली, तेही ऐकावे.