दहावीच्या वयात ‘जोडी’

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारीच्या पिठाची पोती, भांडी, शेळी. आणि बरोबरीच्या मैत्रिणी दहावीच्या वर्गात असताना कडेवर पोर घेतलेली एखादी आई.

या लवकरच्या आईपणामागे उचलीचा हिशेब आहे. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला पूर्ण कोयत्याचे पैसे नाहीत, म्हणून हंगामाआधी लग्न उरकतात. सहा महिने गावाबाहेर राहायचे तर वयात आलेल्या मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे, हा धाकही असतो. तो खोटा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 44 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. राज्याचे प्रमाण सुमारे 22 टक्के, म्हणजे निम्मे.

विशीच्या आतल्या बाळंतपणात रक्तक्षय, झटके आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका जास्त. त्यात उसाच्या फडावर ना अंगणवाडी, ना ओळखीची आशाताई. शिवाय अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल, तर बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. त्या भीतीने वय वाढवून सांगतात किंवा दवाखानाच टाळतात. कायद्याचा हा उलटा परिणाम सरकारने गंभीरपणे घ्यायला हवा.

ठरलेला बालविवाह थांबवायचा असेल, तर ग्रामसेवकाला कळवा किंवा 1098 वर फोन करा.