संगणकाचा दर्शनी पडदा

नाटकगृहांत तिसरी घंटा होईपर्यंत रंगमंचावर काय चाललें आहे, हें प्रेक्षकांस दिसूं नये असा संकेत आहे. आंत सामान सरकतें, दिवे तपासले जातात, कोणाची पगडी सांपडत नसते. प्रेक्षकांपुढें मात्र रंगविलेला दर्शनी पडदा शांत असतो. संगणकाची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. कळ दाबल्यापासून वापरणाऱ्याचें नांव विचारणारी चौकट दिसेपर्यंत यंत्रांत शेंकडों कामें चाललेलीं असतात. लिनक्स या प्रणालींत त्यांची वर्दी काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या ओळींनीं मिळत असे. जाणत्यास त्या ओळींत अर्थ दिसे. घरांतील इतर मंडळींस तें यंत्र बिघडल्याचेंच लक्षण वाटे. या धांवत्या ओळींवर एक सुबक चित्र पसरावें, हीच प्रारंभ-चित्रामागील कल्पना होय.

आज अनेक प्रमुख लिनक्स-वितरणांत हें काम प्लिमथ नांवाची आज्ञावली करते. २००८ च्या नोव्हेंबरांत फेडोरा १० बरोबर ती लोकांपुढें आली, आणि उबुंटूनें २०१० सालच्या १०.०४ या आवृत्तींत तिचा स्वीकार केला. तत्पूर्वी फेडोरांत एवढ्याशा चित्रासाठीं एक्स नांवाची सबंध चित्रयंत्रणा चालू करावी लागे. देव्हाऱ्यांतील समई लावण्यासाठीं वीजघर उभारावें, तसाच तो प्रकार होता. पुढें पडद्याची मांडणी ठरविण्याचें काम कर्नेलनें, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यानें, आपल्याकडे घेतलें आणि चित्र लवकर व न लुकलुकतां दिसूं लागलें. २०१९ सालच्या फेडोरा ३० मध्यें तर यंत्र बनविणाऱ्या कारखानदाराचें चिन्हच पडद्यावर तसेंच ठेवून त्याखालीं फिरतें चक्र दाखविण्याची सोय झाली.

चित्र बदलूं पाहणारा मनुष्य बहुधा एकाच ठिकाणीं अडतो. नवा चित्रसंच तो योग्य त्या कप्प्यांत ठेवतो, प्लिमथच्या मांडणीच्या फाइलींत त्याचें नांव लिहितो, यंत्र बंद करून पुन्हां चालू करतो, आणि पाहतो तों जुनेंच चित्र हजर! यांत प्लिमथचा दोष नाहीं. ज्या वेळीं चित्र दिसावयाचें असतें, त्या वेळीं मुख्य डिस्क उघडलेलीच नसते. प्रवासास निघालेल्या मनुष्याच्या हातपिशवीप्रमाणें अत्यावश्यक वस्तूंचें एक लहानसें गांठोडें कर्नेलबरोबर आधीं स्मृतींत येतें. त्यास इनिट्रॅमएफएस म्हणतात. नवें चित्र या गांठोड्यांत गेलें नाहीं तर आरंभीं तें दिसणार कोठून? म्हणून प्रत्येक बदलानंतर हें गांठोडें नव्यानें बांधावें लागतें. डेबियन व उबुंटू यांत अपडेट-इनिट्रॅमएफएस, तर फेडोरांत ड्रॅकट ही आज्ञा तें काम करते. शिवाय ग्रब या आरंभकाच्या ओळींत उबुंटूमध्यें ‘स्प्लॅश’ हा शब्द असावा लागतो; नाहींतर पडदा पडतच नाहीं.

चित्र पाहण्यासाठीं दर खेपेस यंत्र बंद करण्याचें मात्र कारण नाहीं. कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकदम दाबून साध्या अक्षरांचा पडदा आणावा, तेथें प्रशासकाच्या अधिकारानें प्लिमथडी ही आज्ञावली सुरू करावी, शो-स्प्लॅश म्हणावें आणि दहा सेकंदांनीं क्विट म्हणावें. या आज्ञा एकाच ओळींत लिहिणें शहाणपणाचें. कारण चित्र आल्यावर टंकलेलें अक्षर दिसत नाहीं, आणि नवशिका आपल्याच पडद्यामागें कोंडला जातो. या तालमींत चित्राची मांडणी कळते. गांठोडें नीट बांधलें गेलें कीं नाहीं, हें खऱ्या प्रारंभाखेरीज कळत नाहीं.

खरी कसोटी निराळीच आहे. डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्यांच्या यंत्रांत परवलीचा शब्द विचारण्याचें कामहि प्लिमथच करते. हौशी लोकांनीं रचलेल्या कांहीं चित्रसंचांत फिरतीं चक्रें व उसळते चेंडू यांवर पुष्कळ मेहनत असते, पण हा प्रश्न चित्रांत दाखविण्याची तजवीजच राहून जाते. मग यंत्र उत्तराची वाट पाहत थांबतें, आणि मालक चित्राकडे पाहत! यंत्र गोठलें अशा समजुतीनें तो वीज तोडतो. म्हणून तालमींतच आस्क-फॉर-पासवर्ड ही आज्ञा देऊन प्रश्नाची चौकट उमटते कीं नाहीं, हें पाहून घेणें अगत्याचें आहे. एस्केपची कळ दाबतांच चित्र बाजूस होऊन मागील ओळी दिसतात, हेंहि घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें.

चित्रावर मराठी अक्षरें घालूं इच्छिणाऱ्यांपुढें आणखी एक अडचण असते. त्या लहानशा गांठोड्यांत देवनागरी टंक बहुधा नसतो, आणि जोडाक्षरें जुळविणारी सामग्रीहि कित्येकदां नसते. अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी उमटतात. यास सोपा उपाय असा कीं, मजकूर आधींच चित्ररूपानें तयार करून ठेवावा. परवलीचा शब्द मात्र साध्या रोमन अक्षरांचा व अंकांचाच असावा. कळफलकाची देवनागरी मांडणी त्या घटकेस तयार असेल अशी हमी देतां येत नाहीं.

इतकें करूनहि पडदा अडला, तर ग्रबच्या यादींत ‘ई’ ही कळ दाबावी, लिनक्स या शब्दानें आरंभ होणाऱ्या ओळींतील ‘क्वायट’ व ‘स्प्लॅश’ हे शब्द पुसावे, आणि कंट्रोल व एक्स या कळा दाबाव्या. यादी लपविलेली असल्यास उबुंटूच्या नव्या यंत्रांत आरंभींच एस्केप व जुन्यांत शिफ्ट ही कळ कामीं येते. हा बदल त्या एकाच प्रारंभापुरता असतो. यंत्र धड असतांनाच तो एकदां करून पाहावा; त्या खेपेस परवलीचा शब्द साध्या पांढऱ्या अक्षरांत विचारला जाईल आणि जुन्या ओळी पूर्वीसारख्याच धांवतांना दिसतील.