कार्डिफच्या किनाऱ्यावरचा डायनोसॉर

वर्गात डायनोसॉरचे नाव निघाले की मुले हमखास विचारतात, "आपल्या मॉरिशसमध्येही होते का?" आम्ही सांगतो, "नाही, बाळांनो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते प्राणी नाहीसे झाले, तेव्हा आपले बेट समुद्रातून वर आलेलेच नव्हते." मुले हिरमुसतात. मग आम्ही त्यांना कार्डिफची हकीकत सांगतो.

कार्डिफ ही वेल्सची राजधानी. तिच्याजवळच लॅव्हरनॉकचा किनारा आहे. २०१४ साली तेथील कड्याचा काही भाग ढासळला. निक आणि रॉब हॅनिगन या दोघा भावांना जीवाश्म, म्हणजे दगडात टिकून राहिलेले जुन्या जीवांचे अवशेष, शोधण्याचा छंद. पडलेल्या दगडांत त्यांना बारीक हाडे आणि टोकदार दात दिसले. ती ठेव त्यांनी घरात न ठेवता कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. पुढच्याच वर्षी एका विद्यार्थ्याला त्याच जागी त्या प्राण्याचे पाऊल सापडले.

हा मांसाहारी डायनोसॉर सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा. शेपटीसह लांबी जेमतेम दोन मीटर आणि हाडे पूर्ण वाढलेली नाहीत, म्हणजे ते पिल्लूच! २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ठेवले ड्रॅकोरॅप्टर हॅनिगनी. 'ड्रॅको' म्हणजे वेल्सच्या झेंड्यावरचा ड्रॅगन आणि 'हॅनिगनी' म्हणजे ते दोघे भाऊ.

२०२१ साली तर त्याच भागातील बेंड्रिक्सच्या किनाऱ्यावर वडिलांबरोबर फिरणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला खडकावर डायनोसॉरच्या पावलाचा ठसा दिसला. वय सुमारे २२ कोटी वर्षे, लांबी फक्त दहा सेंटिमीटर! तोही आता त्याच संग्रहालयात आहे.

ही हकीकत सांगताना आम्हांला आपल्या मार ओ सोंजची आठवण होते. १८६५ साली रेल्वेचे काम चालू असताना मजूर तेथील दलदलीची माती काढीत होते आणि सापडलेल्या हाडांचे ढीग लावीत होते. इंजिनिअर हिगिन्सन यांनी ते पाहिले आणि माहेबर्गचे शिक्षक जॉर्ज क्लार्क यांना कळविले. पुढे क्लार्क यांनी मजुरांकरवी त्याच चिखलातून डोडो पक्ष्याची हाडे काढून घेतली. डोडोच्या इतिहासात हिगिन्सन आणि क्लार्क यांची नावे राहिली. चिखलात उतरलेल्यांना हिगिन्सन यांनी नुसते 'कुली' म्हटले.

बंधुभगिनींनो, आपले आजे-पणजेही याच शब्दाने ओळखले गेले. हॅनिगन बंधूंचे नाव त्यांच्या शोधाला मिळाले हे योग्यच झाले. त्या मजुरांची नावे आज परत मिळणार नाहीत, पण मुलांना डोडो दाखविताना त्यांची आठवण तरी काढू या. आणि आपल्या मुलाने उद्या ओढ्याकाठून एखादे हाड किंवा विचित्र दगड उचलून आणला, तर "टाक ते!" असे ओरडू नका. कोठे सापडला ते लिहून ठेवा, शिक्षकांना दाखवा. आणि त्याखाली मुलाचे नाव लिहायला विसरू नका.